अज्ञेयवाद: सिनॉप्सिसमध्ये हा शब्द लिहिण्याआधी

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न अधूनमधून येतो. ‘अमुक कवीच्या कवितेतील अज्ञेयवाद’ किंवा ‘तमुक कादंबरीकाराची अज्ञेयवादी जीवनदृष्टी’ असा विषय घेतला तर चालेल का? चालेल की. विषय चांगलाच आहे. पण सिनॉप्सिस समितीपुढे गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अज्ञेयवाद म्हणजे नेमकं काय? आणि दुसरा लगेच त्याच्या पाठोपाठ: मग तो नास्तिकतेपेक्षा वेगळा कसा? इथे बरेच जण ‘देव आहे की नाही हे माहीत नाही असं मानणं’ एवढं एक वाक्य सांगून थांबतात. वाक्य चूक नाही, पण त्यावर दोनशे पानांचा प्रबंध उभा राहत नाही.

म्हणून आज हा एकच शब्द सावकाश उलगडून बघू. तो कुठून आला, मराठीत येताना त्याचं काय झालं, त्याच्या आसपासचे शब्द कोणते, आणि साहित्याच्या अभ्यासात तो कुठे बसतो, कुठे बसत नाही.

शब्दाचा जन्म: लंडन, १८६९

फार कमी पारिभाषिक शब्दांचा जन्मदाखला आपल्याकडे असतो. या शब्दाचा आहे. ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द थॉमस हेन्री हक्सली या इंग्लिश जीवशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये घडवला. हक्सली म्हणजे डार्विनचा कट्टर पाठीराखा. त्या वर्षी लंडनमध्ये ‘मेटाफिजिकल सोसायटी’ नावाचं एक मंडळ सुरू झालं. त्यात बिशप होते, कॅथलिक होते, शास्त्रज्ञ होते, कवी टेनिसनही होता. देव, आत्मा, ज्ञान अशा विषयांवर सगळे एकत्र बसून वाद घालत.

हक्सलीने पुढे १८८९ मध्ये ‘अ‍ॅग्नॉस्टिसिझम’ याच नावाचा निबंध लिहिला आणि शब्दाची कथा स्वतः सांगितली. ती थोडक्यात अशी: मंडळातल्या प्रत्येकाकडे आपल्या मताला लावायला एक नाव होतं, आपल्याकडे मात्र नव्हतं. म्हणून त्याने ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातल्या ‘ग्नॉस्टिक’ पंथांकडे पाहिलं. ग्रीक भाषेत ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान. हे पंथ गूढ सत्याचं खास ज्ञान आपल्याला झालं आहे असा दावा करत. ज्या गोष्टींबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं, त्याच गोष्टींबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही, म्हणून आपण ‘अ-ग्नॉस्टिक’. शब्दात थोडी थट्टा होती, ती लक्षात ठेवा.

जाता जाता एक गंमत. ग्रीक ‘ग्नो’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ हे एकाच कुळातले धातू. इंग्रजी ‘नो’ म्हणजे जाणणे, तोही त्यातलाच. म्हणजे ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ आणि ‘अज्ञेय’ हे लांबचे भाऊच आहेत. पण भाऊ असले तरी स्वभाव सारखा नाही, ते पुढे येईल.

या निबंधातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा बरेच जण सोडून देतात. हक्सलीच्या मते हा पंथ किंवा सिद्धान्त नाही, ही एक पद्धत आहे. तिच्या दोन बाजू आहेत. एक, बुद्धी जिथपर्यंत नेईल तिथपर्यंत जायचं, मध्ये कुणाची भीड बाळगायची नाही. दोन, जे सिद्ध झालेलं नाही ते निश्चित आहे असं भासवायचं नाही. यात देवाचं नावही नाही, बघा. हा नियम देवाला जेवढा लागू आहे तेवढाच प्रयोगशाळेतल्या निष्कर्षालाही लागू आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्याने हा शब्द समजून घ्यावा याचं खरं कारण हेच.

मराठीत येताना काय बदललं?

आता आपल्या शब्दाकडे येऊ. ‘ज्ञा’ धातूला ‘य’ प्रत्यय लागून ‘ज्ञेय’ होतं. पेय, गेय, देय हे शब्द याच पद्धतीचे. पेय म्हणजे पिण्याजोगं, गेय म्हणजे गाण्याजोगं, तसं ज्ञेय म्हणजे जाणण्याजोगं, जाणता येईल असं. मग अज्ञेय म्हणजे? जे जाणताच येत नाही ते. (‘अजेय’ हा शब्द निराळा, तो ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूपासून. टंकलेखनात या दोन शब्दांची अदलाबदल होते, तेव्हा प्रूफ वाचताना सांभाळा.)

आता शेजारी हे तीन शब्द ठेवून बघा:

अज्ञात: अजून जाणलेलं नाही. उद्या कदाचित कळेल.
अज्ञेय: जाणताच येणार नाही. आजही नाही, उद्याही नाही.
अज्ञान: जाणण्याचा अभाव. हा गुण जाणणाऱ्याचा, वस्तूचा नव्हे.

हक्सलीची भूमिका यातल्या कशाजवळ आहे? ‘मला ठाऊक नाही, आणि पुरावा नसताना ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही’ ही भूमिका जाणणाऱ्याबद्दल बोलते. ‘अज्ञेय’ हा शब्द मात्र वस्तूबद्दल बोलतो. ती वस्तूच जाणण्यापलीकडची आहे, असं तो ठामपणे सांगतो. म्हणजे मराठी संज्ञा मूळ संज्ञेपेक्षा एक पाऊल पुढे गेली आहे.

हे पाऊल कुणाचं, हेही शोधता येतं. हक्सलीच्या आधी, १८६२ मध्ये, हर्बर्ट स्पेन्सरने ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ या ग्रंथात विश्वाच्या मुळाशी असलेलं अंतिम तत्त्व माणसाच्या बुद्धीला कधीच आकळणार नाही असं मांडलं होतं. आपली ‘अज्ञेय’ ही संज्ञा नीट बसते ती स्पेन्सरला. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडचे इंग्रजी शिकलेले लोक स्पेन्सर आवडीने वाचत होते, हे विसरू नका.

मग काय, ‘अज्ञेयवाद’ हा शब्द टाकून द्यायचा? मुळीच नाही. तो रुळला आहे आणि विश्वकोशातही तोच आहे. फक्त तुमच्या पहिल्या प्रकरणात दोन ओळी हव्यात: या प्रबंधात ‘अज्ञेयवाद’ हा शब्द कोणत्या अर्थाने घेतला आहे? ‘जाणणं शक्य नाही’ या कडक अर्थाने, की ‘सध्या निर्णय देण्याइतका आधार नाही’ या सौम्य अर्थाने? पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात हे दोन प्रकार वेगळेच मानतात. या दोन ओळी लिहिल्या तर व्हायवाचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

नास्तिक, संशयवादी, तटस्थ: शेजारी कोण कोण?

गोंधळ टाळायचा तर दोन प्रश्न वेगळे करायला शिका. पहिला प्रश्न श्रद्धेचा: तुम्ही देव मानता का? दुसरा प्रश्न ज्ञानाचा: देव आहे किंवा नाही हे ठामपणे जाणता येतं असं तुम्हाला वाटतं का? नास्तिकता पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, अज्ञेयवाद दुसऱ्या प्रश्नाचं. त्यामुळे एकच माणूस दोन्ही असू शकतो. ‘सिद्ध करता येत नाही, पण मी मानत नाही’ असं म्हणणारा असतो, तसा ‘सिद्ध करता येत नाही, तरी मी हात जोडतो’ असं म्हणणाराही असतो. आपल्या घरांत हा दुसरा प्रकार चिक्कार सापडतो.

त्यात ‘नास्तिक’ या शब्दाला आपल्याकडे स्वतःचा इतिहास आहे. मनुस्मृतीच्या परंपरेत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. दर्शनांच्या रूढ वर्गीकरणातही वेदांचं प्रामाण्य मानणारी ती आस्तिक दर्शनं. म्हणून जगाचा कर्ता ईश्वर न मानणारं सांख्यदर्शन आणि पूर्वमीमांसा आस्तिकांत बसतात, तर बौद्ध आणि जैन नास्तिकांत. तेव्हा जुन्या ग्रंथात ‘नास्तिक’ दिसला की लगेच आजचा अर्थ लावू नका. ‘अज्ञेयवादी म्हणजे अर्धा नास्तिक’ हे समीकरण तर दोन्ही बाजूंनी चुकतं.

संशयवाद हा आणखी मोठा इलाका. तो देवापुरता नाही, एकूणच ज्ञानाच्या शक्यतेबद्दल शंका घेतो. आणि तटस्थता ही तर तत्त्वज्ञानातली भूमिकाही असेल असं नाही, ती व्यवहारातली असू शकते. महाराष्ट्रातल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीचं उदाहरण घ्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगत असत की समितीचा विरोध देव-धर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, देव मानण्या-न मानण्याबद्दल संघटना म्हणून ती तटस्थ आहे. ही संघटनेची तटस्थता आहे. तिला अज्ञेयवाद म्हटलं तर तत्त्वज्ञानही बिघडतं आणि चळवळीचा इतिहासही.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक जादा इशारा. २०११ च्या जनगणनेत ‘धर्म सांगितला नाही’ या रकान्यात सुमारे २९ लाख लोक आहेत. हा आकडा ‘भारतातील अज्ञेयवादी’ म्हणून वापरू नका. न सांगण्याची कारणं अनेक असतात, आणि त्या रकान्याने ती विचारलेली नाहीत.

आपल्या परंपरेतले खरे-खोटे नातेवाईक

‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं लिहायचा मोह सगळ्यांना होतो. थोडं थांबून एकेक नातं तपासू.

सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे संजय बेलट्ठिपुत्त. बुद्धाच्या काळातला हा विचारवंत. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात त्याचं मत येतं. परलोक आहे का? तो ‘आहे’ म्हणत नाही, ‘नाही’ म्हणत नाही, ‘दोन्ही’ही म्हणत नाही आणि ‘दोन्ही नव्हे’ हेही म्हणत नाही. जैनांच्या सूत्रकृतांगात क्रियावाद, अक्रियावाद, विनयवाद यांच्या रांगेत ‘अज्ञानवाद’ येतो, तो याच धाटणीच्या विचारांचा. इथे साम्य खरं आहे. पण एक अडचण आहे. या मंडळींचे स्वतःचे ग्रंथ आपल्यापर्यंत आलेले नाहीत. जे आलं ते त्यांच्या विरोधकांनी सांगितलेलं. बौद्ध ग्रंथ तर अशा निसटत्या उत्तरांना हाती न लागणाऱ्या बुळबुळीत माशाची उपमा देतात. विरोधकाच्या तोंडून आलेलं मत वापरताना ते विरोधकाच्या तोंडचं आहे हे लिहायलाच हवं.

दुसरा नातेवाईक बुद्धाचं मौन. जग शाश्वत आहे का, मरणानंतर तथागत असतो का, अशा प्रश्नांना बुद्धाने उत्तर दिलं नाही. मज्झिमनिकायात बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त आहे: बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कसलं, हे कळेपर्यंत तो बाण काढू देत नसेल तर मरून जाईल. इथे मौनाचं कारण ‘कळत नाही’ हे नाही, तर ‘दुःख संपवायला उपयोगाचं नाही’ हे आहे. हक्सलीचं कारण पुराव्याचं, बुद्धाचं कारण प्रयोजनाचं. दोघांचं वागणं सारखं दिसलं तरी कारण वेगळं आहे, आणि संशोधनात कारणालाच किंमत असते.

तिसरा, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त. सृष्टी कुठून झाली हा प्रश्न विचारून ते शेवटी शंकेपाशी थांबतं. अज्ञेयवादाच्या चर्चेत त्याचा उल्लेख करणं योग्यच. पण एक सूक्त म्हणजे ‘वाद’ नव्हे. तो एका कवीचा प्रश्न आहे. पुढे त्यावर भाष्यकारांनी ठाम उत्तरांचे इमले बांधले आहेतच.

आणि आता खोटा नातेवाईक: ‘नेति नेति’. उपनिषदांत ब्रह्माचं वर्णन नकारातून येतं. गीतेच्या तेराव्या अध्यायातही ते सूक्ष्मपणामुळे अविज्ञेय आहे असं म्हटलं आहे. शब्द जवळचा दिसतो म्हणून फसू नका. तिथे ब्रह्म आहे याबद्दल शंका नाही. शब्दांनी आणि इंद्रियांनी ते पकडता येत नाही, एवढंच म्हणणं आहे. अनुभवाने ते गाठता येतं, ही तर त्या परंपरेची मूळ प्रतिज्ञा.

तशीच गल्लत ‘अज्ञान’ या शब्दाची होते. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं आहे. शोधपेटीत ‘अज्ञान’ टाकलं की ते समोर येतं. पण तिथलं अज्ञान म्हणजे वेदान्तातली अविद्या. संजय बेलट्ठिपुत्ताच्या अज्ञानवादाशी त्याचा संबंध नाही.

साहित्यात हा शब्द कसा वापरायचा?

आता मुख्य मुद्दा. कवितेत शंका दिसली की लगेच ‘अज्ञेयवादी कविता’ असं लिहून मोकळं होऊ नका. मी स्वतःला चार प्रश्न विचारतो, तुम्हीही विचारून बघा.

पहिला प्रश्न: शंका कुणाची? कवीची, निवेदकाची, की पात्राची? यान मार्टेल यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’ (२००१) या कादंबरीत पुदुच्चेरीचा पाय पटेल एकाच वेळी तीन धर्म पाळतो. नास्तिकांबद्दल त्याला आपुलकी वाटते, पण अज्ञेयवाद्यांवर तो वैतागतो. शंका थोडा वेळ ठीक, तिच्यातच मुक्काम ठोकणं म्हणजे प्रवासच थांबवणं, असं त्याचं म्हणणं. हे पायचं मत आहे. पण कादंबरीचा शेवट वाचकापुढे एकाच घटनेच्या दोन हकिकती ठेवतो आणि खरी कोणती हे सिद्ध करायला काही पुरावा देत नाही. म्हणजे पात्र अज्ञेयवादाला नावं ठेवतं आणि कादंबरी वाचकाला नेमकं त्याच जागी आणून उभं करते. पात्राचं वाक्य उचलून ‘लेखक अज्ञेयवादविरोधी आहे’ असं लिहिलं तर कादंबरी हातातून निसटली.

दुसरा प्रश्न: न कळण्याचा सूर कोणता? टॉमस हार्डीची ‘द ऑक्सन’ ही छोटी कविता १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ‘द टाइम्स’मध्ये छापून आली. पहिलं महायुद्ध चालू होतं. नाताळच्या मध्यरात्री गोठ्यातले बैल गुडघे टेकतात अशी तिकडच्या खेड्यांतली जुनी समजूत आहे. लहानपणी त्यावर कुणी शंका घेत नसे. आता मोठा झालेला निवेदक म्हणतो की आजही कुणी ‘चल बघायला’ म्हटलं, तर मी अंधारात त्याच्यासोबत जाईन, खरं असेल अशी आशा धरून. कवितेत अज्ञेयवाद हा शब्द नाही, वाद नाही, युक्तिवाद नाही. श्रद्धा गेली आहे, तिची जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी जागा माणसाला बोचते आहे. हा सूर निबंधातल्या हक्सलीचा नव्हे. साहित्यातला अज्ञेयवाद बहुतेक वेळा असाच भेटतो, मत म्हणून नव्हे तर मनाची स्थिती म्हणून.

तिसरा प्रश्न: ही शंका आहे की भांडण? आपली संतकविता घ्या. तुकोबा विठ्ठलाला फैलावर घेतात, नामदेव रुसतात, जनाबाई खरपूस शिव्या देते. नवख्या अभ्यासकाला यात ‘अज्ञेयवादाची बीजं’ दिसतात. पण भांडायला समोर कुणीतरी लागतं. जो आहे की नाही हे ठाऊक नाही, त्याच्यावर कुणी इतक्या हक्काने रुसत नाही. भांडण हा नात्याचा पुरावा आहे. भक्ताच्या मनात शंकेचे क्षण येत असतील, नाही असं नाही. पण ते दाखवायचे तर भांडणाच्या ओळींपेक्षा वेगळ्या ओळी शोधाव्या लागतील.

चौथा प्रश्न: ‘अज्ञाताची ओढ’ आहे की ‘अज्ञेयाची कबुली’? केशवसुतांची ‘झपूर्झा’ ही कविता आपण सगळ्यांनी कधी ना कधी अभ्यासलेली असते. नेहमीच्या जाणिवेपलीकडे काहीतरी आहे, आणि एका विशिष्ट तंद्रीत तिथे पोहोचता येतं, असा तिचा झोक आहे. मराठी समीक्षेने अशा कवितेला गूढगुंजनाच्या चर्चेत बसवलं. गूढवाद म्हणतो, पलीकडे जाता येतं. अज्ञेयवाद म्हणतो, पलीकडे जाता येतं असं मी म्हणणार नाही. दोघांच्या तोंडी ‘अज्ञात’ हा शब्द सारखाच येतो आणि वाटा अगदी उलट दिशेला जातात. शब्द मोजून निष्कर्ष काढणाऱ्या शोधनिबंधांची गाडी इथेच रुळावरून घसरते.

हिंदीच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको, पण मराठीवाल्यांसाठी: शोधगंगेवर ‘अज्ञेय’ टाकलंत तर समोर ढीग येईल तो ‘शेखर: एक जीवनी’ लिहिणाऱ्या सच्चिदानंद हीरानंद वात्स्यायन यांच्यावरच्या प्रबंधांचा. ‘अज्ञेय’ हे त्यांचं टोपणनाव. तुरुंगातून पाठवलेल्या कथांवर लेखकाचं नाव देता येत नव्हतं, त्या अडचणीतून ते आलं. नावाचा तत्त्वज्ञानातल्या वादाशी संबंध नाही.

आगरकरांना काय म्हणायचं?

आता हे सगळं एका अवघड जागी लावून बघू. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५). कुणी त्यांना अज्ञेयवादी म्हणतं, कुणी नास्तिक, कुणी नुसतं बुद्धिप्रामाण्यवादी म्हणून पुढे जातं. तुम्ही काय लिहाल?

आधी या शब्दांमागची सामाजिक किंमत बघा. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये संसदेवर निवडून आला, पण त्याला शपथ घेऊन रीतसर आपल्या जागेवर बसायला १८८६ उजाडलं. अशा काळात ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा शब्द सभ्य आणि सुरक्षित होता. डार्विनने १८७९ मधल्या एका पत्रात स्वतःसाठी हाच शब्द अधिक बरोबर ठरवला. १८८१ मध्ये एडवर्ड अ‍ॅव्हलिंग हा नास्तिक लेखक डार्विनला भेटला, तेव्हा त्याचा दावा होता की दोन्ही शब्दांत फरक फक्त सभ्यपणाचा आहे, आशय एकच. एंगेल्सने तर अज्ञेयवादी म्हणजे लाजरे भौतिकवादी अशा अर्थाचा टोला मारला. हा आक्षेप गंभीर आहे. प्रबंधात अज्ञेयवाद मांडताना तो टाळून चालणार नाही.

आता पुण्यात या. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू केलं. त्यांच्यावर मिल आणि स्पेन्सर यांचा प्रभाव होता. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्याने एवढी किंमत मोजली, त्याला सोयीसाठी मवाळ नाव देणं बरोबर नाही. तसंच आपल्याला आवडतं म्हणून जहाल नाव देणंही बरोबर नाही.

मार्ग एकच, प्रश्न तोडून विचारायचे. देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा निर्माण झाल्या याबद्दल आगरकर लिहितात, तेव्हा ते ‘कळत नाही’ असं म्हणत नाहीत. तिथे ते कारणं देतात, ठामपणे देतात. त्या देवतांपुरता ‘अज्ञेयवादी’ हा शब्द अपुरा पडतो. विश्वाच्या आदिकारणाचा प्रश्न हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल ते कुठे काय म्हणतात हे ‘सुधारका’तले निबंध समोर ठेवून, ओळ आणि संदर्भ देऊन दाखवावं लागेल. एका माणसाची दोन प्रश्नांवर दोन उत्तरं असू शकतात. ‘आगरकर अज्ञेयवादी होते’ हे वाक्य सोपं आहे. ‘अमुक प्रश्नापुरते, अमुक निबंधात, आगरकरांची भूमिका अज्ञेयवादी ठरते’ हे वाक्य लांबलचक आहे, पण ते टिकतं.

हयात लेखकांबद्दल तर ही काळजी दुप्पट घ्या. आपला प्रबंध शोधगंगेवर चढतो आणि तिथेच राहतो. मुलाखतीत एखाद्या लेखिकेने ‘मला देवाबद्दल काही सांगता येत नाही’ असं म्हटलं, म्हणून तुम्ही तिला नास्तिक लिहिलंत, तर ते लेबल तिच्या गावात, तिच्या घरात तिला चिकटतं. त्याची झळ तुम्हाला लागत नाही, तिला लागते.

अभ्यासाची पद्धत म्हणून अज्ञेयवाद

ज्यांचा विषय धर्म, लोकदैवतं, वारी, जत्रा असा आहे, त्यांच्यासाठी या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांनी १९६७ मध्ये ‘पद्धतिशास्त्रीय नास्तिकता’ सुचवली: अभ्यासकाने धर्माकडे माणसाची निर्मिती म्हणूनच पाहावं. धर्माचे अभ्यासक निनियन स्मार्ट यांनी १९७३ मध्ये त्याला पर्याय मांडला, ‘पद्धतिशास्त्रीय अज्ञेयवाद’. म्हणजे देव आहे की नाही हा प्रश्न कंसात ठेवायचा. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. माणसं काय करतात, काय सांगतात, त्यांच्या जगण्यात देव कसा वावरतो, हे प्रामाणिकपणे टिपायचं.

समजा, तुम्ही वारीत चालणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेताय. एक मावशी सांगतात, ‘पायाला फोड आला होता, माउलीने चालवलं.’ तुमच्या नोंदवहीत काय जाईल? ‘मावशींचा गैरसमज होता की…’ हे नास्तिकतेचं वाक्य. ‘माउलीच्या कृपेने मावशी चालल्या’ हे भक्ताचं वाक्य. ‘मावशी हे चालणं माउलीने घडवलेलं म्हणून सांगतात’ हे अभ्यासकाचं वाक्य. घरी तुम्ही माळ घालत असाल किंवा देव्हाराच नसेल, नोंद मात्र तिसरीच हवी. इरावती कर्वे यांनी वारीबद्दल लिहिलेलं किंवा रा. चिं. ढेरे यांचं ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या नजरेने पुन्हा वाचा. लेखकाची श्रद्धा कुठे बोलते आणि संशोधन कुठे बोलते, हे पानापानावर तपासण्याचा चांगला सराव होईल.

आणि तांत्रिक लेखांतला ‘अ‍ॅग्नॉस्टिक’

संगणकशास्त्राच्या मित्रांसाठी शेवटचा मुद्दा. हल्ली ‘प्लॅटफॉर्म-अ‍ॅग्नॉस्टिक’, ‘मॉडेल-अ‍ॅग्नॉस्टिक’ असे शब्द रोज वाचायला मिळतात. अर्थ एवढाच की खाली कोणती यंत्रणा किंवा कोणतं मॉडेल आहे याने फरक पडत नाही. वैद्यकातही हा वापर आला आहे. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एका कर्करोगाच्या औषधाला गाठ कोणत्या अवयवात आहे हे न बघता, पेशींमधल्या विशिष्ट जनुकीय खुणेवरून मान्यता दिली, अशा उपचारांना ‘ट्यूमर-अ‍ॅग्नॉस्टिक’ म्हणतात. याचं मराठी करताना ‘अज्ञेयवादी’ लिहिलंत तर हसं होईल. इथे ‘निरपेक्ष’ हा शब्द नीट बसतो: मॉडेल-निरपेक्ष, मंच-निरपेक्ष. एका इंग्रजी शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द लागले तर बिनधास्त दोन वापरा.

लिहायला बसताना

सिनॉप्सिसचा कागद समोर घेतला की एवढं तपासा. शब्दाची व्याख्या दिली आहे का, आणि ती कडक अर्थाची की सौम्य? तो कोणत्या प्रश्नापुरता लावला आहे: एखादी देवता, आदिकारण, परलोक, की एकूण ज्ञान? तो कुणाला लावला आहे: लेखकाला, पात्राला, की कलाकृतीला? नास्तिकता, गूढवाद, भक्तीतलं भांडण आणि तटस्थता यांपासून तो वेगळा केला आहे का? ‘हा नुसता सभ्य शब्द आहे’ या आक्षेपाला उत्तर आहे का?

आणि एक. व्हायवात कुणी असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर तुमच्या पुराव्यातून निघत नाही, तर ‘माझ्या साधनांवरून हे ठरवता येत नाही’ असं शांतपणे सांगा, आणि का ठरवता येत नाही तेही सांगा. हक्सलीचा नियम तिथे लागू होतोच. अभ्यासाला शुभेच्छा. तुमच्या विषयात हा शब्द कुठे अडतोय ते जरूर लिहा, त्या त्या उदाहरणावर बोलू.